'तेरे घर के सामने'मधली नूतन मादक आहे, हे मोकळेपणानं म्हणायला काय हरकत आहे?

पिटातला प्रेक्षक (धागाकर्ता)

नूतनचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनं जातात. 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी'. मग तिचे डोळे, तिचा साधेपणा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर, अभिनेत्री शोभना समर्थांची मुलगी. यातलं काहीच खोटं नाही आणि मीही हे सगळं शंभरदा बोललोय. पण या आदरापोटी एक गोष्ट कायम बाजूला पडते. ही बाई पडद्यावर विलक्षण आकर्षक होती, आणि मी शारीर आकर्षणाबद्दलच बोलतोय. ते सगळ्यात मोकळं दिसतं १९६३ च्या 'तेरे घर के सामने'मध्ये.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: दिल्लीत लाला जगन्नाथ (ओमप्रकाश) आणि सेठ करमचंद (हरींद्रनाथ चट्टोपाध्याय) हे दोन हाडवैरी समोरासमोरचे प्लॉट घेतात आणि एकमेकांच्या नाकावर टिच्चून घर बांधायला निघतात. दोन्ही घरांचा आर्किटेक्ट एकच, राकेश, म्हणजे देव आनंद. तो निघतो लालाजींचा मुलगा. नूतन ही करमचंदांची मुलगी सुलेखा. दिग्दर्शन विजय आनंदचं, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, गाणी हसरत जयपुरींची. सिनेमा कृष्णधवल आहे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हलकाफुलका.

माझं म्हणणं सांगायला एक गाणं पुरे. 'दिल का भंवर करे पुकार'. कुतुबमिनारचा गोल जिना, तो उतरणारी ही दोघं आणि अगदी कानाशी आल्यासारखा रफीचा आवाज. गाणं रफीचं एकट्याचं आहे. म्हणजे नूतनला ओठ हलवायचं कामच नाही, तिनं फक्त ऐकायचंय. नायक गात असताना नायिकेनं नुसतं ऐकत राहणं ही हिंदी सिनेमातली फार अवघड जागा आहे. बहुतेकजणी तिथे लाजतात, पदराशी चाळा करतात, नाहीतर लटकं रुसून पाठ फिरवतात. नूतन खरोखर ऐकते. ओळ तिच्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागावा तेवढाच लागतो, मग ती आधी डोळ्यांत दिसते आणि नंतर ओठांच्या कडेला. हसू येतं ते ती येऊ देते, पण सगळं नाही. जिना अरुंद, मध्येच माणसं येतात, अंग चोरावं लागतं. त्या अडचणीतून जी जवळीक होते तिची तिला पुरती जाणीव आहे आणि ती तिला हवीशी आहे, हे ती लपवत नाही.

मला मादक वाटतं ते हेच. समोरचा आपल्याला पटवतोय हे तिला कळलंय. होकार तिनं मनातल्या मनात केव्हाच देऊन टाकलाय आणि आता ती त्याच्या खटपटीची मजा घेतेय. त्या काळातल्या बहुतेक रोमँटिक कॉमेड्यांत नायक मागे लागतो, नायिका झटकून टाकते, मग कुठल्यातरी गाण्यात अचानक विरघळते. ओढ असते ती फक्त त्याला. इथे ती दोघांनाही आहे, आणि तिची जरा जास्तच.

तुम्हाला काय वाटतं? आणि कृपया 'नूतनबद्दल असं कसं बोलता' एवढ्यावर थांबू नका.

---

जुनी रिळं

मस्त धागा. एक माहितीची भर: तो जिना कुतुबमिनारचा नाही. आतली जागा इतकी चिंचोळी की कॅमेरा आणि दिवे घेऊन तिथे चित्रीकरण करणं शक्य नव्हतं, म्हणून आतल्या भागाचा सेट उभारला. तुमच्या मुद्द्याला ही गोष्ट पोषक आहे. खऱ्या जिन्यात कॅमेरा कुठेतरी कोपऱ्यात अडकून बसला असता. सेट असल्यामुळे तो त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरू शकतो, तिच्या चेहऱ्याशी हवा तितका वेळ थांबू शकतो. गोल्डीला (म्हणजे विजय आनंदला) गाण्यात माणसं चालती ठेवायला आवडायची आणि जिना ही त्याला मिळालेली फर्मास जागा. एकदा वळण आलं की एक जण दिसेनासा होतो, दुसऱ्याला दोन पावलं घाईनं टाकावी लागतात. प्रेमात पडणाऱ्यांना याहून वेगळं काय लागतं?

खऱ्या मिनारात आता कुणाला जाताही येत नाही. १९८१ च्या डिसेंबरात आत दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले, त्यात शाळेची मुलं बरीच होती. तेव्हापासून जिना बंद आहे.

---

अनवट

लेखन आवडलं, पण मला थोडं खटकतंय. आपण एका थोर अभिनेत्रीकडे पुन्हा शरीर म्हणूनच बघतोय का? शर्मिलाबद्दल, सायराबद्दल हे सगळे बोलतातच. एक नूतन तेवढी यातून सुटली होती, तिलाही ओढायची गरज आहे का?

आणि शारीर आकर्षणच म्हणायचं तर 'दिल्ली का ठग' आहे की. १९५८ साली किशोरकुमारबरोबरच्या त्या सिनेमात तिनं पोहण्याचा पोशाख घातला होता. शर्मिलाच्या 'फिल्मफेअर'च्या बिकिनीतल्या मुखपृष्ठाच्या आठ वर्षं आधी! धागा त्यावर का नाही?

---

पिटातला प्रेक्षक

@जुनी रिळं, सेटचा कॅमेऱ्याशी असा संबंध मी जोडला नव्हता. पटलं.

@अनवट, तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच आहे असं मला वाटतं. 'दिल्ली का ठग'मधला तो पोशाख धाडसाचा होता, त्याबद्दल तिचं कौतुकच. पण तिथे दाखवण्यासारखं जे आहे ते कपड्यात आहे. तोच पोशाख दुसऱ्या कुणी घातला असता तरी प्रसंग चालला असता. कुतुबच्या गाण्यात मात्र नूतनच्या जागी दुसरी कुणी उभी करून बघा, गाणं रफीचं उरेल फक्त. शरीर म्हणून बघणं म्हणजे माणूस वगळून बघणं. मी बोलतोय ते आकर्षण त्या माणसातूनच येतंय, तिच्या विनोदबुद्धीतून, तिच्या बघण्यातून. ते नाकारणं म्हणजे तिच्या अभिनयाचाच एक भाग नाकारणं. तिनं ते ठरवून केलंय.

थोर म्हटलं की माणसाचं शरीर काढून घ्यायचं ही आपली सवय मला काही फार आदराची वाटत नाही.

---

सूरपेटी

या धाग्यावर लिहायलाच हवं. नूतन गाणं शिकलेली होती हे विसरू नका. 'छबिली'त (१९६०, दिग्दर्शन शोभना समर्थांचं, संगीत स्नेहल भाटकरांचं) 'ऐ मेरे हमसफर' हे गाणं तिनं स्वतः गायलंय. बेसूर नटीची हौस नाही ती, नीट लागलेला गळा आहे.

याचा परिणाम तिच्या पडद्यावरच्या गाण्यांवर झालाय. याच सिनेमातलं 'ये तनहाई हाय रे हाय' आवाज बंद करून बघा. लताबाई जिथे श्वास घेतात तिथे नूतनची छाती भरते. तान वर जाते तेव्हा गळ्याची शीर ताणली जाते, हनुवटी किंचित उचलली जाते. ओठांचा मेळ तर अनेकजणी छान घालायच्या, पण सबंध शरीरातून सूर जाताना दिसणं ही वेगळी गोष्ट. विरहाचं गाणं म्हणून आपण ते ऐकतो. बघितलं तर कळतं की एकटेपणा तिच्या अंगाला जाणवतोय. सोज्वळ वगैरे ठीक आहे, पण ही तहान आहे आणि ती फार सुंदर दाखवली आहे.

जाता जाता: बर्मनदा आणि लताबाई यांच्यातला अबोला याच्या थोडा आधीच संपला होता. 'पेइंग गेस्ट'नंतर (१९५७) काही वर्षं ही दोघं एकत्र नव्हती. ते पुन्हा एकत्र आले नसते तर 'ये तनहाई' आशाबाईंनी गायलं असतं, आणि मग नूतनही ते वेगळं करून गेली असती याची मला खात्री आहे. 'पेइंग गेस्ट'मध्ये 'चांद फिर निकला' लताचं आणि 'छोड़ दो आंचल' आशाचं. दोन्हींत नूतन किती निराळी दिसते, लागोपाठ बघा.

---

मॅटिनी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

नूतन सुंदर, नूतन गोड, नूतन महान. पण साठीच्या दशकातल्या रोमँटिक कॉमेडीत मादकपणा म्हणाल तर मी दुसरीकडे बघेन. 'जंगली'तली (१९६१) सायरा बानू घ्या. रंगीत पडदा, बर्फ, तो गुलाबी चेहरा. 'कश्मीर की कली'तली (१९६४) शर्मिला, गालावरची ती खळी. 'तीसरी मंज़िल'मधली आशा पारेख, नाचताना कंबर आणि खांदे एकाच ठेक्यावर. आणि साधना! तिचा अंगासरशी शिवलेला चुडीदार-कुर्ता ही तर अख्ख्या देशाची फॅशन झाली. 'वक्त'साठी तो आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी घडवला. या सगळ्यांना बघताना थिएटरात जो एक हलकासा सुस्कारा उठायचा, तो नूतनला बघताना उठायचा नाही. तिला बघून माणसं गप्प व्हायची. मी ते आकर्षण म्हणणार नाही, मी त्याला दरारा म्हणेन.

---

गच्चीवरची

@मॅटिनी, सुस्कारा तुम्हा पुरुषांचा हो. आम्ही बायकाही थिएटरात असायचो.

मी सांगते मला काय दिसतं. नूतन उंच, सडपातळ, लांब मानेची. आपल्या हिंदी पडद्याला तेव्हा भरलेल्या अंगाच्या नायिका आवडायच्या. तिला लहानपणी तिच्या काटकुळ्या अंगकाठीवरून बोलणी बसली, हे तिच्यावरच्या लेखांतून वाचायला मिळतं. पण 'तेरे घर के सामने'मध्ये ती चालते कशी बघा. आत ओढून घेतलेलं पोट नाही, मुरडणं नाही, कॅमेऱ्याला बाजू दाखवत उभं राहणं नाही. लांब टांगा टाकत चालते, पायऱ्या उतरते, वळून बघते. आपल्या शरीरात ती मजेत राहते. एका बाईला दुसऱ्या बाईत हे दिसलं की हेवाच वाटतो, आणि हो, आकर्षणही वाटतं. ते म्हणायला मला संकोच नाही.

दुसरं असं की तिचं लग्न १९५९ मध्ये झालं आणि मोहनीश १९६१ चा. म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा ती एका मुलाची आई होती. तेव्हा नायिकेनं लग्न केलं की तिला 'वहिनी'च्या खुर्चीत बसवायची तयारी सुरू व्हायची. ही बाई बाळंतपणानंतर परत येऊन कॉलेजकन्येसारखं बागडायचा आव आणत नाही. बाईसारखी प्रेमात पडते. सुलेखाचा खट्याळपणा मुलीचा नाही, तो पुऱ्या वाढलेल्या बाईचा आहे. मला वाटतं तुम्हाला ज्याला दरारा म्हणावंसं वाटतं ते हेच असेल. समोरची बाई आपल्याहून लहान नाही, हे कळल्यावर काही पुरुष गप्प होतात.

आता ग्लासाचं गाणं. त्याच्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? शीर्षकगीत. देव आनंद दारूचा ग्लास समोर घेऊन बसलाय आणि त्या ग्लासात इवलीशी नूतन. कल्पना नीट बघितली तर जराशी भयंकरच आहे, बाईला पेल्यात घालून ओठाला लावायचं. पण नूतन त्यात बाहुली होऊन बसत नाही. आतूनच त्याला उत्तरं देते, मान वेळावते, त्याची फिरकी घेते. मग ग्लासात बर्फ पडतो आणि ती गारठते! दोन्ही हात अंगाभोवती. त्या क्षणी त्या ग्लासातल्या बाईला त्वचा आहे, थंडी वाजते, हे आपल्याला एकदम जाणवतं आणि स्वप्न एकदम खरं होतं. विनोद आणि शरीर दोन्ही एकाच शहाऱ्यात. साठ वर्षांपूर्वीची ट्रिक फोटोग्राफी, आज बघताना जोड दिसतात. तो शहारा मात्र अजून अस्सल वाटतो.

---

तिसरी घंटा

गच्चीवरची, काय लिहिलंयत!

एक परदेशी उदाहरण आठवलं, योगायोगानं १९६३ चंच. हॉलिवूडच्या 'शराड'मध्ये ऑड्री हेपबर्न आणि केरी ग्रँट. दोघांच्या वयात पंचवीस वर्षांचं अंतर, त्यामुळे आपण तिच्या मागे लागलेलं बरं दिसणार नाही असं ग्रँटला वाटलं. मग पटकथेत बदल झाला: मागे ती लागते आणि तो टाळत राहतो. एवढ्या एका बदलानं ऑड्री सबंध सिनेमाभर किती झळाळते! ओढ नायिकेच्या हातात दिली की रोमँटिक कॉमेडीचं तापमानच बदलतं. 'तेरे घर के सामने'मध्ये पटकथेनं नूतनला तसं काही दिलेलं नाही, कागदावर पाठलाग देव आनंदच करतो. तिनं ते निव्वळ नजरेतून मिळवलं.

---

पाऊसपाणी

+१ तिसरी घंटा. वाचतेय, लिहीत राहा मंडळी.

---

पिटातला प्रेक्षक

@गच्चीवरची, बर्फाच्या जागेबद्दल तुमचं वाचून ते गाणं लगेच पुन्हा लावलं. शंभर टक्के सहमत.

@मॅटिनी, तुमच्या यादीतल्या सगळ्याच मला आवडतात. पण एक सांगतो, साधनानं स्वतः सांगितलंय की तिच्यापुढे आदर्श कुणाचा असेल तर तो नूतनचा. त्या चुडीदारातल्या मुलीनं नूतनकडून काय उचललं असेल? केशभूषा तर नाहीच, ती ऑड्रीकडून आली. मला वाटतं गप्प राहून पडदा भरायची कला उचलली असावी.

आता मुख्य मुद्दा. 'बंदिनी'ही १९६३ चाच. बिमल रॉयचा तो प्रसंग आठवा, नूतनची कल्याणी विष कालवते तो. संवाद नाही. बाहेर घणाचे घाव, चेहऱ्यावर ठिणग्यांचा उजेड येतो-जातो, आणि त्या चेहऱ्यावर अपमान, मत्सर, निश्चय एकामागून एक चढत जातात. त्या प्रसंगाची स्तुती आपण थकेपर्यंत करतो. करायलाच हवी. कुतुबचा जिनाही त्याच वर्षीचा. तोच चेहरा, तेच तंत्र: संवाद नाही, आवाज दुसऱ्याचा, आणि आत काय चाललंय ते फक्त चेहऱ्यावर. एका ठिकाणी खून शिजतोय, दुसऱ्या ठिकाणी प्रेम. मग एकाला 'महान अभिनय' आणि दुसऱ्याला 'गोड दिसते' असं का? खुनाचा विचार चेहऱ्यावर आणणं कठीण आणि हवंसं वाटणं चेहऱ्यावर आणणं सोपं, असं आपण गृहीत धरलंय. मला तर उलट वाटतं. क्रोधाला, दुःखाला पडद्यावर हजार खुणा आहेत. एका सभ्य, हसऱ्या मुलीच्या मनात समोरच्या पुरुषाबद्दल भूक जागी होतेय, हे सेन्सॉरच्या चौकटीत, ओठाला ओठ न लावता, एकही शब्द न बोलता आणि विनोदाचा तोल न ढळू देता दाखवायचं? करून बघा म्हणावं.

पुरस्कार त्या वर्षी 'बंदिनी'ला मिळाला. मिळायलाच हवा होता. पण विनोदी सिनेमातलं काम कायम दुय्यम धरायचं ही खोड तिथूनच येते, आणि विनोदी सिनेमातलं आकर्षण म्हणजे तर कामच नाही, ती नटीची देणगी, असा समज. देणगी कसली, हे कष्टानं कमावलेलं काम आहे.

---

अनवट

'बंदिनी'शी ही तुलना वाचून माझा आक्षेप बराच निवळला. थोर म्हणताना आपण शरीर काढून घेतो, हे वाक्य डोक्यात राहिलंय. तरी एक अट माझी अजूनही आहे: हे बोलणं असंच प्रसंग धरून, चौकट धरून व्हावं. नुसतं 'काय दिसायची' सुरू झालं की मी धागा सोडणार.

---

मॅटिनी

मी अजून पूर्ण वळलेलो नाही. सायराला बघून मला काही विचार करावा लागत नाही, आणि आकर्षणाला विचार करावा लागू नये असं माझं मत आहेच. पण गच्चीवरचीचा मुद्दा मनाला लागला आणि काल रात्री याच सिनेमातलं 'तू कहां ये बता' बघितलं. शिमल्याची रात्र, थंडी, रिकामे रस्ते, देव आनंद तिला हाका मारत फिरतोय. मी आजवर ते गाणं कायम त्याच्याकडे बघतच ऐकलं होतं. काल तिच्याकडे बघितलं. हाक कानावर आल्यापासून तिला घरात राहवत नाहीये. नुसती बघत नाही, जणू अंगानं आवाजाच्या दिशेला ओढली जातेय. तिथे मी गप्प झालो, आणि या वेळी दराऱ्यानं नाही. एवढं कबूल.

---

सूरपेटी

@मॅटिनी, तेवढ्यावर न थांबता आता आवाज बंद करून 'ये तनहाई' बघा. मग 'पेइंग गेस्ट'चं 'छोड़ दो आंचल', त्यात ती नको म्हणतेय आणि पाय मात्र तिथून हलत नाहीत. मग इथे येऊन भांडा, मी आहेच.

---

गच्चीवरची

आणि ते झालं की 'देखो रूठा ना करो'. रुसलेल्या बाईची समजूत काढायची गाणी हिंदीत ढिगानं आहेत. त्यातली बरीचशी मला बघवत नाहीत, कारण रुसणारी खरी नसते, हिरोला गाता यावं म्हणून तिला रुसवलेली असते. नूतनचा रुसवा खरा आहे आणि तो सोडताना तिला होणारा आनंदही खरा आहे. मॅटिनी, तुम्ही बघून लिहा, मग मी सविस्तर लिहिते.